चार पाट्या

आमच्या घरात गेली दोन वर्षं 'टक्के' या शब्दाला बंदी आहे. दुधाच्या पिशवीवर साडेतीन टक्के स्निग्धांश असं छापलेलं असतं, तेवढंच काय ते टक्क्यांचं दर्शन. बाकी कुणाला किती पडले, कुणाचे किती हुकले, असा विषय निघाला की आमची मधुवंती डोळे मिटून तीन दीर्घ श्वास घेते. हे तिला शाळेत शिकवलंय.

मधुवंती नववीत आहे. तिच्या शाळेत आठवी ते दहावीच्या काही मुलांसाठी एक वेगळा उपक्रम चालतो. त्याचं नाव 'सर्वांग'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, तेलाची मालिश असावी. पण नाही. डोकं, हात, मन, शरीर अशा सगळ्या अंगांनी मूल वाढलं पाहिजे, असा तो प्रकार आहे. पाठ्यपुस्तकं आहेत, दहावीला बोर्डाची परीक्षाही आहे, पण सोबत स्वयंपाक, सुतारकाम, गाणं, भांडण मिटवणं आणि गप्प बसणं हेही विषय आहेत. गप्प बसायला चक्क तास आहे. आमच्या वेळी त्यासाठी छडी होती. आणि दर गुरुवारी वर्ग बंद, मुलं बाहेर. गुरुवारच का, तर आपल्या इकडच्या कंपन्यांना गुरुवारची सुट्टी असते आणि पालक घरी सापडतात. 'सापडतात' हा शब्द मी विचार करून वापरला आहे.

मी हरिहर सबनीस. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या होतात, तिथल्या क्वालिटी विभागात बावीस वर्षं आहे. माझ्या टेबलावर आलेल्या वस्तूचे दोनच प्रकार होऊ शकतात, ओके आणि एनजी. एनजी म्हणजे नॉट गुड. हे आम्हाला परदेशी ग्राहकांनी शिकवलं आणि आता खालुंब्र्यापासून महाळुंग्यापर्यंत टपरीवरचा चहासुद्धा एनजी निघतो. अशा माणसाच्या हातात मुलीचं प्रगतिपुस्तक येतं आणि त्यात गणितापुढे लिहिलेलं असतं, 'प्रश्नाशी मैत्री होते आहे.' मैत्री झाली, आनंद आहे. पण उत्तर येतं का?

हे मी सर्वांगच्या जयमालाताईंना विचारलं होतं. तिथे मॅडम म्हणायचं नाही, ताई म्हणायचं, आणि त्या पालकांना दादा म्हणतात.

"ताई, 'होते आहे' म्हणजे साधारण किती?"

"मैत्रीला किती असतं, दादा?" त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की मला मुद्दाच आठवेना.

शिवाय तिथल्या पालकसभेत सगळ्यांनी जमिनीवर गोल बसायचं असतं. एक गुळगुळीत दगड हातोहात फिरतो. ज्याच्या हातात दगड, त्यानंच बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. एरवी कंपनीत तासतास बोलणारा मी, हातात तो दगड आला की माझी बोबडी वळते. मी "छान चाललंय" म्हणून दगड पुढे सरकवतो आणि मांडी बदलतो.

तर डिसेंबरात शाळेतून दोन कागद आले. पहिला म्हणजे दहावीचं संमतीपत्र. मूल दहावीतही सर्वांगमध्ये राहणार की नेहमीच्या तुकडीत जाणार, यातल्या एकावर खूण करून जानेवारीच्या शेवटच्या गुरुवारपर्यंत सही द्यायची. दुसऱ्या कागदावर उपक्रम होता. परिसरातल्या एखाद्या जाणत्या माणसाकडून हाताचं एक काम शिका, वस्तू घडवा आणि त्याच गुरुवारी ती शाळेत वापरून दाखवा. खाली लिहिलं होतं, 'पालकांची भूमिका : सहप्रवासी. वस्तूला हात लावू नये.'

"मी चूल करणार," रात्री जेवताना मधू म्हणाली. "मातीची. आणि तिच्यावर पिठलं करून सगळ्यांना वाढणार."

"घ्या," माझी बायको अरुंधती म्हणाली. "आजीच्या पिढीला चुलीपासून सोडवलं, आणि आता शाळेत घालून नातीच्या हाती चूल!" अरुंधती बँकेत आहे. तिला कुठल्याही गोष्टीचा ताळेबंद लगेच दिसतो.

मधू हसली नाही. "बाबा, सहीचं काय? मला दहावी तिथेच करायची आहे."

आता इथे शहाण्या माणसानं 'बघू' म्हणून भात कालवला असता. पण मी चिंचवडच्या एका क्लासमध्ये तिचं नाव आधीच घालून ठेवलं होतं. दहावीचं वर्ष, मैत्री पुरे, आता उत्तरं हवीत, असं माझं मत होतं. आणि निकषाशिवाय निर्णय घ्यायचा नाही ही तर माझी बावीस वर्षांची सवय. मी म्हणालो, "चूल ओके निघाली तर सही. ओके म्हणजे तडा नाही आणि पिठलं होईपर्यंत उभी राहिली पाहिजे. एनजी निघाली तर नेहमीची तुकडी आणि चिंचवडचा क्लास."

"लिहून दे."

मी संमतीपत्राच्या मागेच लिहून दिलं. अरुंधतीनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "शाब्बास. पोरीचं अख्खं वर्ष चुलीवर ठेवलंस." मला तेव्हा ते वाक्य चमकदार वाटलं, खरं वाटलं नाही.

"पण शिकवणार कोण?" मी विचारलं.

"तानाआजी. महाळुंग्याच्या. तुझ्या ऑफिसातल्या रविराजदादाची आई. कंपनीच्या फॅमिली डेला भेटल्या होत्या ना, तेव्हाच मी नंबर घेतलाय."

रविराज माझ्याच विभागात इन्स्पेक्टर आहे. पोरगा चांगला. पण त्याच आठवड्यात त्यानं बिजागरीचं भोक गेज लावून न तपासता नजरेनं पास केलं होतं, आणि मी त्याला सगळ्या लाइनसमोर म्हणालो होतो, "रविराज, काम कर. नुसत्या पाट्या टाकू नकोस." नोकरीत हे वाक्य कुणीही कुणालाही म्हणतं. मलाही वरचे म्हणतात. पण ज्याला म्हणालो त्याच्याच आईच्या दारात आपल्या मुलीला घेऊन जायचं, म्हणजे जरा अवघडच.

गुरुवारी गेलो. तानाबाईंचं घर दोन कंपन्यांच्या कंपाउंडच्या मधोमध उरलंय. मागे ओढ्याकाठचा शेताचा तुकडा आहे, तिथली माती चुलीला चांगली, असं अख्ख्या गावात मानतात. साठी ओलांडलेल्या, हातभर हिरव्या बांगड्या, आणि कमरेवर हात ठेवून माणसाला आरपार बघायची सवय.

"या साहेब. रविराज सांगत व्हता तुमचं."

काय सांगत होता, हे मी विचारलं नाही. रविराज दाराशी उभा राहून मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं वाचत होता. मी डायरी काढली.

"माती किती घ्यायची?"

"लागंल तेवढी."

"अंदाजे?"

"अंदाजेच घ्यायची की."

"भुसा?"

"मुठीमुठीनं."

"मूठ कुणाची धरायची? म्हणजे प्रत्येकाची मूठ वेगळी असते."

"ज्येची चूल त्येची मूठ."

"आणि पाणी?"

"माती मागती तेवढं," तानाबाई म्हणाल्या, आणि मधूकडे वळून, "बाळा, तुजा बा कायम असाच करतो का?" मधू म्हणाली, "हो." एवढ्या वेळात मधूचे हात कोपरापर्यंत मातीत गेलेले होते आणि माझ्या डायरीत एकही आकडा नव्हता. शेवटी घरी करण्यासाठी किती न्यायचं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "तीन पाट्या माती, एक पाटी श्याण. एक चूल मोडंल, दुसरी बसंल." मी ते चार आकडी रकमेसारखं दोनदा अधोरेखित केलं.

मग चहा आला, आणि तानाबाईंनी विचारलंच.

"साहेब, एक सांगा. तुमी ह्याला म्हनला, पाट्या टाकतोस. त्या दिशी त्यो घरी येऊन जेवला न्हाई. मला काय उमजंना. आरं, आमी जलमभर पाट्याच टाकल्या. तुमच्या कंपनीचा पाया भरत व्हते तवा म्या हितंच व्हते. दिसाला दोनशे पाट्या. ह्यो तवा पोटात व्हता. त्यात वंगाळ काय हाय?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "काहीच नाही." रविराज भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. मधूनं मात्र आपल्या वहीत लिहून घेतलं, 'पाटी : डोक्यावरून माती वाहायची टोपली.' मला तिथून उठून पळावंसं वाटत होतं, पण चहा गरम होता.

असे तीन गुरुवार झाले. मधू माती चाळायला, भिजवायला, पायानं तुडवायला शिकली. आता घरी चूल घालायची. आमचं घर कासारवाडीत, चौथ्या मजल्यावर, आणि आमच्या सोसायटीचे सचिव आहेत गणराज शेवाळे. सेवानिवृत्त, तब्येत उत्तम आणि सचिव, या तीन गोष्टी एका माणसात एकत्र आल्या की सोसायटीत पानसुद्धा अर्जाशिवाय हलत नाही. मी रीतसर अर्ज दिला : 'मुलीच्या शालेय उपक्रमासाठी तीन पाट्या माती व एक पाटी शेण आणण्यास परवानगी मिळावी.'

चार दिवसांनी लेखी उत्तर आलं. 'सोसायटीच्या आवारात कोणत्याही प्रकारच्या पाट्या लावण्यास मनाई आहे. मातीच्या पाट्या टिकाऊही नसतात. शेणाच्या पाटीवरील मजकूर समितीस कळवावा.'

मी तडक खाली गेलो. गणराजराव आधीच दुखावलेले होते.

"सबनीस, पार्किंगवरून आपलं झालं होतं, मान्य आहे. पण म्हणून एकदम शेणाची पाटी? कुणाला उद्देशून आहे ती?"

"अहो, पाटी म्हणजे टोपली! घमेलं!"

"मग टोपली म्हणा की. आपल्याकडे पाटी म्हणजे पाटी. 'येथे गाड्या लावू नयेत' ती पाटी."

"शाळेच्या भाषेत लिहिलं मी."

"शाळेत पाटी म्हणजे स्लेट," गणराजराव विजयी मुद्रेनं म्हणाले. या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण त्यांचं बरोबर होतं.

दुरुस्त अर्ज दिला. तो रविवारच्या बैठकीत गेला आणि बिल्डिंगभर झाला. मग सल्ले सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, चूल आग्नेयेलाच हवी, आणि तुमची बाल्कनी तर वायव्येला, म्हणजे घरातली लक्ष्मी वाऱ्यावर. समोरचा विक्की, जो हिंजवडीच्या कॅबमध्ये रोज चार तास बसून हुशार झाला आहे, म्हणाला, "काका, रेडीमेड चूल ऑनलाइन मिळते. दोन दिवसांत डिलिव्हरी, रिटर्न पॉलिसीपण आहे." एकानं खासगीत विचारलं की गॅसची पाइपलाइन कापली का, काही अडचण असेल तर मोकळेपणानं सांगा. मी सगळ्यांना उपक्रम समजावून सांगितला. 'सर्वांग' म्हटलं की माणसं माझ्या गुडघ्यांकडे बघत आणि कोणतं तेल, असं विचारत.

परवानगी आली तेव्हा दहा दिवस गेले होते. अटी दोन. इमारतीत चूल पेटवायची नाही, आणि माती हे बांधकाम साहित्य असल्यामुळे लिफ्ट वापरायची नाही.

रविवारी मी कंपनीत रजा टाकली. सकाळी तानाबाईंनी गाडीच्या डिकीत चार पाट्या भरून दिल्या आणि मला चुंबळ करायला शिकवली. चुंबळ म्हणजे डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची कापडाची गोल वळकटी. घरी येऊन मी कंपनीचा टी-शर्ट घेतला, त्याची चुंबळ केली. तिच्यावर पाठीमागचं 'झिरो डिफेक्ट' नेमकं समोर आलं. वस्तूला हात लावायचा नाही, पण मातीला हरकत नाही, असा मी कागदाचा अर्थ लावला. चार मजले, चार फेऱ्या. पहिल्या फेरीला मी पायऱ्या मोजल्या, चौसष्ट. दुसऱ्या फेरीला मोजायचं सोडलं. तिसऱ्या फेरीला तळमजल्यावरचे एक गृहस्थ अरुंधतीला म्हणाले, "हमाल चांगला मिळालाय हो. मोकळा आहे का एवढ्यात? आमचंही कपाट हलवायचंय." अरुंधती म्हणाली, "विचारते." चौथी पाटी शेणाची होती. तिच्याविषयी मी फार बोलणार नाही. मान आखडली, कान गरम झाले, पण एकही पाटी सांडली नाही. मधू वर दारात उभी होती. प्रत्येक खेपेला ती माझ्या हातात पाण्याचा तांब्या देत होती आणि काहीतरी पुटपुटत होती. मोजत असावी.

पहिली चूल तिच्या हातातच मोडली. मधू म्हणाली, "आजी म्हणाल्याच होत्या," आणि पुन्हा तुडवायला लागली. संध्याकाळी एका फळीवर दुसरी उभी राहिली. समोर तोंड, बाजूला दुसऱ्या भांड्यासाठी छोटी वैल, वर भांडं टेकायला तीन उंचवटे. मी हात पाठीमागे बांधून बाल्कनीच्या दारात उभा होतो. नाकाला माती लागलेली ती माझी मुलगी, जिला गेल्या वर्षीपर्यंत चपात्यांचं पीठ हाताला चिकटलं तरी किळस यायची, ती चुलीच्या कडेवरून ओला अंगठा असा फिरवत होती की मला एकदम फार बरं वाटलं. आणि लगेच भीती वाटली. ही चूल फुटली तर?

"पंधरा दिस सावलीत सुकू द्या. घाई न्हाई," असं तानाबाईंनी बजावलं होतं. गणराजरावांच्या कृपेनं आमच्याकडे अकराच होते. मी बाथरूममधला वजनकाटा आणला आणि फळीसकट चुलीचं रोज सकाळी वजन करू लागलो. फळीला हात लागतो, चुलीला नाही. किती पाणी उडालं याचा आलेख काढला. चौथ्या दिवशी आलेखानं स्पष्ट सांगितलं की या वेगानं चूल शेवटच्या गुरुवारी ओली असणार. ओली चूल पेटवली तर तडा. तडा गेला तर एनजी.

तो दिवस गुरुवारच होता. मधू शाळेच्या सहलीला, अरुंधती बँकेत, घरात मी एकटा आणि अरुंधतीचा हेअर ड्रायर. पुढचं मी थोडक्यात सांगतो. पाऊण तास मी चुलीला गरम वारा घातला. मग ड्रायरमधून जळका वास आला आणि तो बंद पडला. त्यानंतर बाल्कनीत 'टक्' असा आवाज झाला. तोंडापासून वैलीपर्यंत वीतभर तडा.

मग मी जे केलं ते त्याहून वाईट. उरलेला चिखल घेतला, तडा भरला, ओल्या बोटानं वरून फिरवला आणि हात धुतले. कंपनीत विनापरवानगी रिवर्क करणाऱ्याला मी स्वतः मेमो देतो.

संध्याकाळी अरुंधती बेडरूममधून बाहेर आली. "हरी, माझ्या ड्रायरला मातीचा वास का येतोय?"

"हवा फार खराब झालीये हल्ली."

ती बाल्कनीत जाऊन चुलीकडे बघून आली. "शेण खाल्लंस ना?"

मी नखांत राहिलेली माती काढू लागलो.

"आज सांग तिला."

"सांगतो," मी म्हणालो, आणि आठवडाभर सांगितलं नाही. रोज सांगायचं ठरवायचो. मधू शाळेतून आली की आधी बाल्कनीत जायची आणि तिथूनच ओरडायची, "बाबा, अजून एकही तडा नाही!" मग माझं तोंड उघडायचंच नाही.

शेवटचा गुरुवार उजाडला. अरुंधतीनं बँकेतून रजा घेतली होती. चूल गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून बसवली. शाळेच्या मैदानावर कुणी स्टूल मांडलं होतं, कुणी झाडू, कुणी चप्पल. प्रत्येक वस्तूसमोर मुलांनी स्वतः लिहिलेलं एक कार्ड. मधूचं कार्ड असं होतं :

चूल
शिकवली : तानाआजी
केली : मधुवंती
आईनं : धीर दिला
बाबांनी : पाट्या टाकल्या

मी ते तीनदा वाचलं. दोन पालक वाचून माझ्याकडे सहानुभूतीनं बघून पुढे गेले. तिसरे हसले. मी ज्या शब्दांवरून अख्ख्या लाइनला झापतो, तेच शब्द माझ्या नावापुढे, स्वच्छ अक्षरात, स्केचपेननं. तेवढ्यात तानाबाईंना घेऊन रविराज आला. त्यानं कार्ड वाचलं, खोकला, आणि पाणी कुठे मिळेल ते बघायला निघून गेला. मला फार लागलं. वाटलं, पोटच्या पोरीनं चारचौघांत पाणउतारा केला. मग तड्याची आठवण झाली आणि रागावायचाही धीर होईना.

मधूनं चूल पेटवली. फुंकणीनं फुंकून डोळे लाल झाले, पण धूर कमी झाला आणि पिठलं रटरटू लागलं. सगळे गोल करून बसले. पाच मिनिटं गेली. मी मनातल्या मनात पुटपुटत होतो, अजून पाच, फक्त पाच. आणि मग मी भरलेला तडा मोकळा झाला. वैल सुटून बाजूला पडली, चुलीची एक बाजू खचली आणि पातेलं कललं. मधूनं फडक्यानं ते वरच्या वर धरलं. पिठलं वाचलं.

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. पातेलं खाली ठेवून ती चुलीकडे बघत राहिली, हळूच म्हणाली, "एनजी." मग पिशवीतून ते संमतीपत्र काढून माझ्या पुढ्यात ठेवलं. "बाबा, नेहमीच्या तुकडीवर खूण कर. चुकलं माझं काहीतरी."

गोलात तो दगड फिरत होता. माझ्याआधी सहा माणसं बाकी होती. मी उठलो, गुडघे वाजले, आणि एका ताईंच्या हातातून दगड ओढून घेतला.

"तिचं काही चुकलेलं नाही," मी म्हणालो. "गेल्या गुरुवारी मी चुलीला हेअर ड्रायर लावला. तडा गेला. मी तो भरला आणि लपवला. मूळ कारण मी आहे."

सगळे गप्प. गप्प बसण्याचा तास इथे फार चांगला शिकवतात.

"का लावला, दादा?" जयमालाताईंनी दगड नसताना विचारलं.

"चूल ओली राहील म्हणून."

"त्याची भीती का?"

"नापास होईल म्हणून. अट मीच घातली होती. आणि मग..." मी दगड दुसऱ्या हातात घेतला. "मग मलाच ती पास व्हायला हवी होती. तिला ती करताना मी बघितलं होतं."

मधू माझ्याकडे बघत होती. "हात लावायचा नाही असं लिहिलं होतं, बाबा."

"हो."

"आणि आठ दिवस मी ओरडून सांगत होते, तडा नाही, तडा नाही. तू ऐकत होतास."

"हो गं. चुकलो मी. साफ चुकलो."

तिनं डोळे मिटले. एक श्वास, दोन, तीन. मी उभाच होतो.

"काय लावलंय बापलेकीनं," तानाबाई पदर खोचत उठल्या. "तडा तर जायाचाच! चूल म्हंजी लोखंड हाय व्हय? रोज सकाळी शेणामातीचं पोतेरं कशापायी फिरवायचं मग? तडा न्हाई अशी चूल म्या आजवर बघितली न्हाई. पोरी, चिखल कर. पिठलं निवायलंय."

मधूनं डोळे उघडले आणि चिखल कालवला. तडा भरला, माझ्यासारखा वरवर नाही, आतून. पण खचलेली बाजू उभी राहीना, तिला खालून टेकू हवा होता. तिनं आजूबाजूला पाहिलं आणि माझ्यापुढे हात केला.

"दे तो दगड."

मी जयमालाताईंकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली. बोलका दगड चुलीच्या कुशीत बसला, पातेलं वर चढलं, पिठलं पुन्हा रटरटलं. दगड चुलीत गेल्यामुळे मग सगळेच एकदम बोलायला लागले. त्याच चुलीवर भाजलेली भाकरी एका बाजूनं जरा करपली होती. मी दोन खाल्ल्या.

खाऊन झाल्यावर मी संमतीपत्र उलटं केलं, 'तडा नाही' ही माझी अट खोडली, सुलटं करून 'सर्वांग'वर खूण केली आणि सही केली. सहीवर मातीचा अंगठाही उमटला. मधूनं कागद वाचला, घडी केला, पिशवीत ठेवला. मग येऊन मला टेकून बसली.

मी धीर करून म्हणालो, "मधू, कार्डावरचं ते तेवढं खोड ना."

"कुठलं?"

"पाट्या टाकल्या."

"का? टाकल्यास की. मी बघितलंय."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला त्या शब्दांचा दुसरा अर्थ ठाऊकच नव्हता. तिनं तो शब्द शिकला होता तानाबाईंकडून, आणि तिच्या लेखी ते माझं कौतुक होतं. रविराज समोर बसून पिठल्यात बघत होता.

"रविराज," मी म्हणालो, "त्या दिवशी लाइनवर मी जे बोललो ते एनजी होतं."

"जाऊ द्या सर," तो म्हणाला. "पण गेज लावायला हवं होतं मी. तेपण खरंय."

"म्हणजे काय, बाबा?" मधूनं विचारलं. "खोडायचं का?"

"नको. राहू दे. फक्त आकडा टाक. मोघम लिहिलं की लोकांचा गैरसमज होतो."

तिनं स्केचपेन घेतलं आणि मध्ये 'चार' घातलं. बाबांनी : चार पाट्या टाकल्या.

"सर, त्यातली एक शेणाची होती ना?" रविराज म्हणाला. अरुंधती पलीकडून फिस्सकन हसली.

"लिही," मी मधूला म्हणालो. "तेही लिही. आणि चौथ्या मजल्यापर्यंत, हेही लिही. लिफ्ट मिळाली नव्हती."